हेलिकॉप्टरला गाऱ्हाणं घालणारा माणूस

आमच्या स्क्वाड्रनचा जो इतिहास छापून निघाला, त्यातलं जमिनीवर काम करणाऱ्यांचं प्रकरण मी लिहिलं आहे. त्या प्रकरणातलं एक वाक्य खोटं आहे. ते कोणतं, हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. कुणी पुस्तकाचा विषय काढला की मी गुडघ्यांचा विषय काढतो. आमच्या वयाच्या मंडळींत गुडघे एकदा निघाले की चहा संपेपर्यंत दुसरं काही निघत नाही, त्यामुळे निभावून गेलं. पण ते वाक्य ज्याच्याविषयी आहे तो माणूस आता राहिला नाही, आणि त्याच्या मुलाला ते वाक्य पाठ आहे. म्हणून लिहायला बसलो.

त्या माणसाला सगळी स्क्वाड्रन महाराजा म्हणायची. राजेशाही त्याच्यात नावालाही नव्हती. बुटका, पोट थोडं सुटलेलं, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. वडील गिरणीत होते, गाव मालवणाकडचं. मी मुलुंडचा, वडील सरकारी कचेरीत. आम्ही दोघं एकाच वेळी भरती झालो, एकाच वर्गात इंजिनं उघडायला शिकलो आणि हेलिकॉप्टरच्या एकाच स्क्वाड्रनमध्ये फिटर म्हणून रुजू झालो. वर्गात मी पहिला आलो. तो पास झाला, एवढंच.

नाव पडलं ते एका नव्या हेलिकॉप्टरमुळे. नवं यंत्र आलं की आमच्याकडे छोटीशी पूजा व्हायची. त्या दिवशी पुजारी तापाने आडवा पडला. कमांडिंग ऑफिसर घड्याळ बघत उभे. त्यांनी विचारलं, "कुणाला काही येतं का?" मला अथर्वशीर्ष येत होतं. मी हात वर करावा की नाही याचा विचार करत होतो, तोवर हा पुढे सरकला, बूट काढले, नारळ दोन्ही हातांत धरला आणि ओरडला,

"बा देवा म्हाराजा!"

कोकणात देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं होतं, पण कुणाला काही कळेना. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "अरे मुलुंडकरा, व्हय म्हाराजा म्हण!"

मला लाज वाटली. मी बुटांकडे बघत राहिलो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पंजाबी गड्याने मात्र छाती फुगवून आरोळी दिली, "व्हय म्हाराजा!"

"आज ह्या नव्या यंत्राक तुझ्या पायाशी आणलेला आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पाच-सहा जण झाले होते.

"हिका कोणाची नजर लागली आसात, कोणी वाकडा चिंतला आसात, स्टोअरवालो येळेर सामान देयत नसात, तर तेका शाणपण दी रे म्हाराजा!"

'स्टोअर' एवढा एक शब्द सगळ्यांना कळला. हँगर हसण्याने दणाणला. स्टोअरचे साहेब तिथेच उभे होते, तेही हसले.

"आणि जितक्या वेळा ही वर जायत, तितक्याच वेळा खाली येवंदे रे म्हाराजा!"

या वेळी कमांडिंग ऑफिसरनीही तोंड उघडलं. दूर बंगालमधला माणूस, त्याला मालवणी काय कळणार? पण सर्वांत मोठा 'व्हय म्हाराजा' त्यांचाच होता. मग त्यांनी मला बोलावून विचारलं, तो शेवटी काय म्हणाला? सांगता आलं असतं. मी म्हणालो, "काही विशेष नाही सर, नेहमीचं आपलं, भलं कर म्हणून."

तेव्हापासून नवं यंत्र आलं, कुणी लांबच्या मोहिमेवर निघालं, कुणाच्या मुलाची परीक्षा असली, की हाक ठरलेली: "महाराजा को बुलाओ." तमिळ, शीख, नागा, सगळे त्याच्या मागे उभे राहून ओरडायचे. माझं अथर्वशीर्ष माझ्यापाशीच राहिलं.

तो यंत्रांना नावंही ठेवायचा. प्रत्येक यंत्राच्या शेपटावर नंबर असायचा, बाकी सगळे तोच वापरायचे. याच्या तोंडी मात्र ठकू, काशीमावशी, आबोली. त्याच्या गावातल्या बायका असाव्यात. उड्डाण संपवून ठकू खाली आली, पाती थांबली, की हा तिच्या नाकाडावर थाप मारून विचारणार, "दमलंस गो?" पुढेपुढे वैमानिकही विचारायला लागले, "थाकू तयार है?" मी केलेली दुरुस्ती त्यांना कधी दिसली नाही. दुरुस्ती चांगली झाली की ती दिसत नाहीच. नावं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली.

त्याची आणखी एक खोड होती. अधूनमधून तो एखाद्या यंत्राभोवती फेरी मारायचा आणि म्हणायचा, "आज हिचा मन नाय." साहेब लोक हसायचे आणि पुन्हा एकदा तपासणी करून घ्यायचे. बहुतेक वेळा काहीच निघत नसे. त्याला यंत्रातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. नट सैल होऊ नयेत म्हणून आम्ही त्यांना तार पिळून बांधतो; त्याने पिळलेली तार बघवत नसे. पण त्याने 'मन नाय' म्हटलं तर चार माणसं थांबायची, आणि मी कागद पुढे करून 'हा भाग बदलायला हवा' म्हटलं तर 'बघू' म्हणायची. मी यावर पुष्कळ वर्षं जळलो. जळणं हा शब्द सौम्यच आहे.

सुट्टीवर यायचो तेव्हा तो एक दिवस मुलुंडला आमच्या घरी यायचा. माझी आई त्याला समोर बसवून घ्यायची. तो स्वयंपाकघरात उकिडवा बसून तिला सांगायचा, की उंचावरच्या ठाण्यावर हेलिकॉप्टर उतरलं तरी इंजिन बंद करत नाहीत, कारण थंडीत ते पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. सामान उतरवायचं ते पाती फिरत असतानाच, कमरेत वाकून. आई डोळे मोठे करून ऐकायची. हेच मी तिला पत्रात लिहिलेलं होतं. तो गेल्यावर ती म्हणायची, "किती मोकळा पोरगा आहे रे. तू असा घुम्या का?"

लग्नानंतर बायकोचंही तेच. तो आला की तिचं हसू बाहेरच्या खोलीपर्यंत यायचं. "भावोजी, अजून एक पोळी घ्या. भावोजी, ते भोपळ्याचं पुन्हा सांगा ना." भोपळ्याचं म्हणजे भूकंपाचं. स्क्वाड्रनचा इतिहास तो जेवणावरून सांगायचा. आम्ही भूकंपग्रस्त भागात गेलो तेव्हा आमच्या लंगरमध्ये, म्हणजे मुदपाकखान्यात, तिन्ही त्रिकाळ तांबडा भोपळा असायचा, म्हणून तो 'भोपळ्याचो भूकंप'. बर्फातलं ठाणं म्हणजे 'अननसाच्या डब्यांची पोस्टिंग'. मला साल, महिना, उड्डाणाचा हेतू, सगळं तोंडपाठ. पण माझी मुलगी झोपताना म्हणायची, "बाबा, भोपळ्याचा भूकंप सांगा," आणि मी सांगायला लागलो की, "असं नाही, काका सांगतात तसं."

आता पुराचं सांगतो.

पूर्वेकडे मोठा पूर आला होता. आमची तुकडी एका शाळेच्या मैदानावर उतरली होती. चारी बाजूंना पाणी, मध्ये हे उंचवट्यावरचं मैदान, गुडघाभर गवत. ठकू दिवसभर पाव, बिस्किटं, औषधं घेऊन जायची आणि येताना छपरांवरून उचललेली माणसं आणायची. पाव भिजून लगदा व्हायचे. महाराजाच्या भाषेत हा 'ओल्या पावांचो पूर'.

आमच्या कामात एक नेम असतो. यंत्राचं झाकण उघडलं की हत्यारं कापडी गुंडाळीतून काढायची. त्या गुंडाळीला प्रत्येक हत्याराचा वेगळा खिसा असतो. काम झालं की झाकण लावायच्या आधी सगळी हत्यारं खिशांत परत गेली का ते बघायचं. शेजारी उभा असलेला दुसरा माणूस विचारतो, "पुरी?" काम करणारा मोजून उत्तर देतो, "पुरी." कारण आत राहिलेलं हत्यार हवेत हलतं, सुकाणूच्या दांड्यांत अडकतं, आणि मग वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. हत्यार हरवलं तर ते सापडेपर्यंत यंत्र जागचं हलत नाही. वाद नसतो.

त्या सकाळी केबिनच्या वरच्या बाजूला झाकण उघडून मी एक पट्टी घट्ट केली. खाली महाराजा उभा होता. त्याने विचारलं, "पुरी?" माझं लक्ष पावांची पोती चढवणाऱ्या माणसांकडे होतं. मी गुंडाळीकडे न बघता म्हटलं, "पुरी." झाकण लावलं, खाली उतरलो. वैमानिक चढून बसले. मी गुंडाळी बांधायला घेतली आणि बघितलं, आखूड पेचकसाचा खिसा रिकामा.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. एका हाकेचं काम होतं. पण सार्जंटच्या बढतीची यादी लागायची होती आणि माझं नाव वर आहे हे मला कळलं होतं. हत्यार न मोजता 'पुरी' म्हणणारा फिटर सार्जंट होत नाही. मी स्वतःला सांगितलं, पेचकस उतरताना गवतात पडला असणार. आणि मी गुडघ्यांवर बसून गवत चाचपायला लागलो. वर तीन माणसं यंत्रात बसली होती, हे मला माहीत होतं. आजही माहीत आहे.

महाराजा जवळ आला. "काय हरवला रे?"

"काही नाही. बटण."

त्याने माझ्या शर्टाकडे पाहिलं. सगळी बटणं जागच्या जागी होती. मग तो वळला. चालत गेला आणि ठकूच्या पुढच्या चाकाला पाठ टेकून, मांडी घालून जमिनीवर बसला.

आमच्या तुकडीचा अधिकारी वयाने लहान आणि दोन रात्रींचा जागा होता. तो धावत आला. "महाराजा, ऊठ तिथून!"

"साब, आज ठकू का मन नहीं है."

"मन? लोक छपरावर बसलेत तिकडे!"

"साब, सुबह सपना आया. इसके पीठ में काँटा है. एक बार ढक्कन खोलने दो."

"स्वप्नासाठी मी उड्डाण थांबवू?" तो इतका चिडला की आवाज फाटला. "तुझ्यावर कारवाई करेन मी."

"करो साब. लेकिन पहले खोलने दो."

अधिकारी माझ्याकडे वळला. "काम तू केलंस ना? सगळं ठीक होतं?"

मी म्हणालो, "होय सर. हत्यारं मोजली होती."

महाराजाने हे ऐकलं. पाच पावलांवर तर होता. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

शेवटी आत बसलेल्या थोरल्या वैमानिकाने हात बाहेर काढून खूण केली, 'उघडू दे, पण लवकर.' महाराजा वर चढला, झाकण उघडलं, आमच्याकडे पाठ करून खांद्यापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपलं. मग झाकण लावलं, दोनदा ओढून बघितलं, खाली आला.

"काय निघालं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"कुछ नहीं साब. मेरा वहम था." मग ठकूला थाप मारली, "जा गो बाय."

त्याची उजवी बाही मनगटापर्यंत खाली सोडलेली होती आणि तिचं बटण लावलेलं होतं. इतक्या वर्षांत त्याची बाही खाली आलेली मी पाहिली नव्हती.

संध्याकाळी शाळेच्या हातपंपावर मी तोंड धूत होतो. तो मागून आला आणि पेचकस पुढे केला.

"घे. गवतात गावलो."

मी तो घेतला. माझ्या तोंडून काय निघावं? "मला वाटलंच होतं. गवतातच असणार."

"तर! जातलो खय?" तो म्हणाला, आणि पंप हापसायला लागला, मला पाणी मिळावं म्हणून.

त्याने मला खाली मान घालायलाही लावलं नाही. दम दिला असता, शिवी दिली असती, निदान एकदा डोळ्यांत बघितलं असतं, तर मी कदाचित रडून मोकळा झालो असतो. चूक माझी होती आणि मोठेपणा मात्र त्यानेच मिळवला, असं मला त्या पंपाशी वाटलं. कसा माणूस असं वाटून घेतो, ते मला विचारू नका.

कारवाई झाली. अंधश्रद्धेपायी मदतकार्यात अडथळा आणला, असा शेरा त्याच्या कागदांवर बसला आणि त्याची बढती अडली. माझी झाली. त्या दिवशी मेसमध्ये त्याने माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. "ह्या आमच्या मुलुंडकराक आज तिसरी फीत गावली म्हाराजा, ती तेच्या दंडार कायम रवांदे रे म्हाराजा!" सगळी मेस ओरडली, "व्हय म्हाराजा!" लोकांना आजही ते गाऱ्हाणं आठवतं. बढती कुणाची होती ते विचारा, सांगता येणार नाही.

निवृत्त होऊन आम्ही दोघंही इकडेच आलो. मी मुलुंडला, घाटकोपरच्या एका कारखान्यात देखभालीचं काम बघायचो. त्याने नाहूरला स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या आणि एका लिफ्टच्या कंपनीत लागला. लिफ्टशीही त्याचं तेच. आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली तेव्हा मी कंपनीला तक्रार केली, तर दुरुस्तीला हाच. लिफ्टच्या दाराला कान लावून म्हणतो, "काय झाला गो? कोणी लाथ मारली?" सोसायटीची पोरं गोळा झाली. पाचव्या मजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या, "तुमचे मित्र झकास आहेत हां काका. तुम्ही कधी बोलला नाहीत." मी त्या सोसायटीचा दहा वर्षं सेक्रेटरी होतो. मला कुणी झकास म्हटल्याचं आठवत नाही.

मुंबईत राहणारे आमचे जुने लोक वर्षातून एकदा मुलुंडच्या एका हॉलमध्ये जमतात. बटाटेवडे असतात, गुडघे असतात, आणि शेवटी कुणीतरी ओरडतं, "महाराजा, सपना!" मग तो उठायचा. अधिकाऱ्याचा फाटका आवाज काढायचा, ठकूच्या चाकाला टेकून बसला होता तसा भिंतीला टेकून बसायचा. स्वप्न दर वर्षी वेगळं. कधी पाठीत काटा, कधी शेपटात साप, कधी त्याची मेलेली आजी हेलिकॉप्टरवर बसून पानाला चुना लावतेय. लोक खुर्च्यांवरून पडायचे. हसताना तो प्रत्येकाकडे बघायचा, बायकांकडे, पोरांकडे, वाढप्याकडे. माझ्याकडे कधीच नाही. आणि मी वडा हातात घेऊन हिशेब करत बसायचो की ही सगळी गोष्ट मुळात माझी आहे. माझ्या चुकीवर हा टाळ्या घेतोय. खरंच, शब्दशः हेच वाटायचं.

मग पुस्तकाचं निघालं. त्या दिवशी आतून खूण करणारे थोरले वैमानिक आता निवृत्त होऊन दुसऱ्या शहरात राहत होते. त्यांनी स्क्वाड्रनचा इतिहास संपादित करायला घेतला. पहिली यंत्रं, डोंगरातली ठाणी, पूर, भूकंप, जुनी यंत्रं जाऊन नवी कशी आली, सगळं. त्यांनी मला फोन केला. "जमिनीवरच्या माणसांचं तू लिही. तुझं लिहिणं नीटनेटकं असतं." मला भरून आलं. लगेच म्हणाले, "आणि महाराजाला गाठ. त्याला सगळं आठवतं."

गेलो नाहूरला. त्याची बायको चांगली सुगरण, मी मासे खात नाही म्हणून तिने माझ्यासाठी सोलकढी आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. दुपारभर तो बोलला. मी लिहून घेत होतो. पुराशी आलो तेव्हा तो थांबला.

"त्या पुराचा काय लिवतलंस? पाव वाटले, लिव."

"आणि स्वप्न?"

"नको रे. हॉलात हसाक ठीक आसा ता. पुस्तकात नको." त्याने दाराकडे बघितलं. मुलगा नुकताच ऑफिसातून येऊन, फोनवर बोलत, दारात चपला काढत होता. महाराजाने आवाज उतरवला. "झील वाचतलो. तेका वाटता, बापाशीन कायतरी चांगला केला आसतला."

मी मान हलवली.

घरी येऊन प्रकरण लिहिलं, पुरात फक्त पाव ठेवले आणि पाठवून दिलं. आठवड्याने फोन आला. "अरे, स्वप्नाची गोष्ट कुठाय? ती तर हवीच." इथे दोन रस्ते होते. सर, ती नको, त्याची इच्छा नाही, एवढं म्हणता आलं असतं. किंवा खरं सांगता आलं असतं; ज्या माणसाचा जीव वाचला त्यालाच सांगायचं होतं. मी म्हणालो, "लिहून पाठवतो." आणि लिहिलं ते असं:

'पूरमदतीच्या काळात एका फिटरने स्वप्नाचा हवाला देऊन उड्डाण रोखले. तपासणीत काहीही आढळले नाही. मदत पोहोचण्यास विलंब झाला.'

खोटं ते मधलं वाक्य. ते लिहिताना माझा हात अडखळला नाही, हे सांगायला हवं. उलट बरं वाटलं. चाळीस वर्षं लोक ज्यावर हसत होते, ते छापल्यावर कसं दिसतं ते एकदा सगळ्यांना दिसू दे, असं वाटलं. नाव घातलं नाही. गरजच नव्हती.

पुस्तक घरी आल्यावर बायकोने वाचलं. चष्मा कपाळावर सारून म्हणाली, "हे भावोजींचं ना?"

"हो."

"असं कोरडं कसं लिहिलंत? हसू येतच नाही वाचून. वाईट वाटतं." मग पुस्तक मिटून, "तुम्ही तर तिथेच होता. खरंच काही निघालं नव्हतं?"

"जेवायला वाढ," मी म्हणालो. तिने वाढलं, पण त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

प्रकाशनाचा छोटा समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. महाराजा आला होता, इस्त्रीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. त्याने प्रकरण तिथेच उभ्याने वाचलं. ओठ हलवत वाचायची सवय होती, त्यामुळे कुठल्या ओळीवर आहे ते लांबूनही कळत होतं. मग माझ्यापाशी आला, पाठीवर थाप मारली. "बरा लिवलंस रे. अगदी शुद्ध."

त्याच्या मागून त्याचा मुलगा आला. चाळिशीचा, ठाण्याच्या बँकेत चांगल्या हुद्द्यावर. त्याने मला बाजूला घेतलं. "काका, एक विचारू? लोक छपरावर होते ना? बाबांमुळे खरंच उशीर झाला त्यांना?"

"झालं ते झालं रे. तुझे बाबा आहेतच तसे."

"म्हणजे काहीच नव्हतं आत?"

"पुस्तकात लिहिलंय ना," मी म्हणालो.

त्या वर्षी शेवटी कुणीतरी "महाराजा, सपना!" ओरडलं. तो उठला नाही. "आता आठवणा नाय," म्हणाला. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. मुलाने त्याला विचारलं होतं, असं मला नंतर त्याच्या बायकोकडून कळलं. "का केलंत बाबा असं? कुणी मेलं असतं तर?" आणि त्याने उत्तर दिलं नाही. एका शब्दात देता आलं असतं. माझं नाव घ्यायचं, बस. तो मुलाच्या नजरेतून उतरला तरी त्याने ते घेतलं नाही. हे ऐकून, आता सांगतो, मला पहिल्यांदा लाज वाटली आणि तिच्या पाठोपाठ पुन्हा तेच जुनं वाटलं: मला हे जमलं नसतं. याला का जमतं?

हा कागद छापला जावो न जावो, एक प्रत त्याच्या मुलाला देणार आहे. त्याला हे कळायला हवं: झाकणाच्या आत पेचकस होता. तो माझा होता. तुझ्या वडिलांनी तीन माणसं वाचवली, आणि चौथा मी.

खरं तर हे त्याच्यासमोरच म्हणायला गेलो होतो. त्याला हृदयाचा त्रास सुरू झाल्याचं कळलं. माझी बायको म्हणाली, "जाऊन या. आणि काय ते बोलून या एकदाचं." तिला किती कळलं होतं कोण जाणे. मी रिक्षाने नाहूरला गेलो, वाटेत तेच वाक्य घोकत. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "काय म्हणालात काका?"

तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, अंगावर शाल. खूप वाळला होता. मुलगा घरी होता, पलीकडे खुर्चीत. म्हणजे ज्याने ऐकायला हवं तोही समोरच. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

"ये रे मुलुंडकरा! बस. काय म्हणतत गुडघे?"

"गुडघे राहू दे," मी म्हणालो. "मी एक सांगायला आलोय. त्या पुराच्या वेळी..."

"पूर?" त्याने झटकन मुलाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो विषय निघाल्यावर त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं असेल. मान अगदी थोडी हलवली, नको अशी. "कसलो पूर नि काय! चाय घे आधी. अगे, चाय टाक गो!"

मुलगा पुढे वाकला. "काय काका? पुराचं काय?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. मला दरदरून घाम फुटला.

"काही नाही," मी म्हणालो. "पंखा जरा बारीक कर."

मुलाने उठून पंखा बारीक केला.

"गार लागता?" महाराजाने विचारलं.

"हो."

त्याने अंगावरची शाल काढली आणि माझ्याकडे सरकवली. मी ती पांघरून चहा येईपर्यंत बसून राहिलो.